शालन आणि सातवी मॅच

आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे मेथी निवडणं. समोर टीव्हीवर बर्फावरची हॉकी चालली होती, सातवी मॅच, आणि आमची शालन मेथीची काडी रेफरीवर रोखून म्हणत होती, "हा पट्ट्यापट्ट्याच्या शर्टवाला विकला गेलाय. तोंड बघा त्याचं. मागच्या मॅचला एवढा खुशीत नव्हता."

शालन म्हणजे माझी बायको. मी चौथी शिकलेला माणूस, मिरजेला एसटीच्या डेपोत मेकॅनिक होतो. मला लिहायचं वळण नाही. पण इथले लोक भेटायला येऊन "काकू फार शांत होत्या" असं बोलून जातात. ते साफ खोटं आहे, म्हणून लिहायला बसलो.

शांत कसली! जगात एकाही माणसावर तिचा विश्वास नव्हता. अमेरिकेत फ्रिस्कोला मुलाकडं राहायला आलो, तर पहिल्याच आठवड्यात पार्सलवाला खोकं ठेवून दाराचा फोटो काढून गेला. ही दिवसभर पडद्याआड उभी. "दाराचा फोटो नेलाय. आता माणसं घेऊन येईल." दूध पंधरा दिवस नासत नाही, म्हणजे ते दूधच नाही. शेजारीण "हाऊ आर यू" विचारून उत्तराला न थांबता पुढं गेली, म्हणजे तिला आपल्याकडून काहीतरी हवंय. डिशवॉशरमधनं निघालेली भांडी ही परत घासायची, आणि सून बघेल म्हणून मला मधे आडोशाला उभं करायची.

"अहो, काहीतरी शिजतंय इथं," हे तिचं कायमचं वाक्य. पोळी लाटता लाटता म्हणायची. मी म्हणायचो, "तुझी आमटी शिजतीय, दुसरं काय?"

हॉकी आमच्या घरात संजयमुळं आली. संजय म्हणजे आमचा मुलगा. त्याच्या ऑफिसात सगळे बघतात म्हणून हा बघायचा. मला त्या खेळात काही कळेना. चेंडूच्या जागी काळी चकती असते, ती तर डोळ्याला दिसतच नव्हती. शालनला मात्र खेळ एकदम पसंत पडला. संशय घ्यायला इतकी जागा तिला दुसरीकडं कुठं मिळणार?

दोन टीममध्ये सात मॅचपर्यंत झुंज, चार जिंकेल तो पुढं जाणार. खेळणारी पोरं मधेच कठड्यावरनं उडी मारून बाहेर पळायची आणि दुसरी आत शिरायची. "ह्यांची हजेरी कोण घेतं?" कुणी धसमुसळेपणा केला की त्याला काचेच्या कोठडीत बसवायचे आणि दोन मिनिटांनी सोडायचे. "एवढ्यात जामीन? ओळख असणार वरपर्यंत."

तिसऱ्या मॅचला तर कहर झाला. ती मॅच समोरच्या टीमच्या गावात होती. तिथं आपली, म्हणजे इथल्या टीमची, पोरं पांढरे शर्ट घालून उतरली, आणि शालन हातातलं लाटणं घेऊन उठली. "परवा गडद शर्टात होते की हे! रातोरात पक्ष बदलला?"

नात हसून सोफ्यावर लोळायला लागली. "आजी, इट्स देअर अवे जर्सी! परगावी खेळताना पांढरा घालतात!"

"तू लहान आहेस. आमच्याकडं पण असंच सांगतात आधी."

आणि गोली, म्हणजे गोल राखणारा! एका गोलनं मागं असलं की शेवटी शेवटी आपला गोली गोल सोडून बाहेर येतो, त्याच्या जागी आणखी एक पोरगं हल्ल्याला जातं. हे पहिल्यांदा बघितलं तेव्हा शालन किंचाळली, "दार सताड उघडं टाकून कुठं निघालास रे मुडद्या!"

इथवर सगळी गंमत. पण एक गोष्ट माझ्या लक्षात आली. खेळ अटीतटीला आला की ही उठून जायची. दुसऱ्या मॅचला कुकर बघायला गेली आणि आपला गोल झाला, जिंकलो. त्यानंतर शेवटपर्यंत बसली, हरलो. उठली, जिंकलो. सहा मॅच झाल्या, तीन त्यांच्या, तीन आपल्या. आपल्या तिन्ही वेळेला ही खोलीत नव्हती.

"बघा," ती म्हणाली. "मी बघितलं की बिघडतं."

"टीव्हीतनं कुणाला नजर लागती का? मधे काच आहे."

"मोबाईलमधनं पैसे जातात, मग नजर जायला काय झालं?"

ह्यात हसण्यासारखं काही नव्हतं, हे घरात फक्त मला माहीत होतं. आमचं पहिलं मूल, मुलगी, सव्वा महिन्याची होऊन गेली. तेव्हा माझी आई बोलून गेली, "हिची दृष्टच वाईट." आई चार दिवसांत विसरली. शालन विसरली नाही. संजयचा दहावीचा निकाल लागला, ही परसात जाऊन बसली. तो अमेरिकेला निघाला, विमानतळावर तो आत जाताना हिनं पाठ फिरवली. नात झाली तेव्हा दवाखान्याच्या पार्किंगमध्ये उन्हात उभी राहिली. सगळ्यांनी बघून घेतल्यावर आत आली. जगावर घेतलेला संशय सगळ्यांना दिसायचा. स्वतःवर घेतलेला कुणाला दिसला नाही.

सातव्या मॅचला शेवटच्या मिनिटात गोली बाहेर आला आणि आपल्या पोरांनी बरोबरी केली. आता जादा वेळ. त्यात जो पहिला गोल करेल तो जिंकला, खेळ खलास. शालननं मेथीची ताटली बाजूला सारली.

"मी पडते जरा. काय झालं ते सकाळी सांगा."

"बस की गं."

"नको. पोरं फार दमलीत हो. माझ्यामुळं नको."

ती आत गेली. आणि अख्ख्या फ्रिस्कोत मी एकटा माणूस असा, की मनात म्हणत होतो, हरा. एकदा हरा, लेकांनो. ती खोलीत नाही, तिनं बघितलेलं नाही, आणि तरी तुम्ही हरलात, एवढं मला तिला सांगू द्या.

गोल झाला. त्यांचा. मी टाळी वाजवली.

"बाबा," संजय म्हणाला, "आपण हरलो."

"दिसतंय मला. डोळे आहेत."

तो माझ्याकडं असा बघत राहिला की थेट आईवर गेलेला वाटला.

खोलीत गेलो तर ती भिंतीकडं तोंड करून झोपलेली. उठवावं असं फार वाटलं. पण उठवलं असतं तर तिला आधी खरं वाटलं नसतं आणि मग वाद झाला असता. म्हटलं, सकाळी चहाबरोबर सांगू. पडल्या पडल्या वाक्यं जुळवत राहिलो, कुठनं सुरुवात करायची, काय शेवटाला ठेवायचं.

सकाळी मी तिच्या आधी उठलो. असं कधी झालं नव्हतं. दोन कप चहा करून आत नेला. खांद्याला हात लावला तेव्हा कळलं. गार होती.

संजयला हाक मारायला पाहिजे होती. लगेच नाही मारली. कप खाली ठेवले, पलंगाच्या कडेला बसलो आणि आधी तिला मॅच सांगितली. जादा वेळात कोण पडलं, चकती कुणाच्या पायाला लागून वळली, गोलीच्या कुठल्या बाजूनं आत गेली, सगळं. मग म्हटलं, "तू नव्हतीस तिथं, शालन. झोपली होतीस. तरी हरले. तुझा काही संबंध नव्हता. कशाशीच नव्हता."

मग वर जाऊन संजयला उठवलं.