देवघराची फट आणि आप्पासाहेबांची बैठक

श्रीडोंगरदेव प्रसन्न असो, आणि पायांखालचा कातळ त्याहून प्रसन्न असो. शके एकोणीसशे पंचेचाळीस, चैत्रमासी, उताराच्या राज्यात लोखंडकामाचे मुखत्यार इसाक मिस्त्री आम्हांसी बोलले, "वहिनी, घर एकतर खडकावर उभं करा, नाहीतर मातीवर बसवा. अर्धं हे, अर्धं ते नको. दोन्ही सारखं खचत नाही." आम्ही कडेवरचे लेकरू सावरीत हसोन म्हणालो, "दहा बाय आठचं देवघर तेवढं, मिस्त्री. ते काय पळून जातंय?" ऐसी मसलत उडविली. चूक आमची, कबूल.

कारण ऐसे की उतार उभा, शेळीही थबके. आम्ही नकाशा करविला : डोंगर न कापता लोखंडी खांब कातळापर्यंत उतरवावे, वर सांगाडा जोडोन घर ठेवावे, पाणी खालून सुखे जावे. थोरले सरकार, म्हणजे आमचे सासरे आप्पासाहेब, नकाशा पाहोन गर्जले, "हे घर आहे का मचाण?" आम्ही अर्ज केला, "मचाणच म्हणा, आप्पा. लेकरू सुखरूप झोपेल." मग ते वदले, "झोपा खुशाल. पण देवाखाली पोकळी चालायची नाही. देवघर भुईवरच." आणि मातीचा भराव घालोन, दगडी जोते बांधोन, देवघर सांगाड्यास चिकटविले, आणि वास्तुशांत जाहली, आणि थोरले सरकार नातीस मांडीवर घेऊन तेथे पूजा करू लागले.

मग दुसरे साली, क्रोधीनाम संवत्सरी, आषाढात पाऊस आठ दिवस हटला नाही आणि सांगाडा व जोते यांमध्ये फट पडली. आम्ही पेन्सिलीने रेघा मारिल्या. सोमवारी फटीत सुरी शिरली, गुरुवारी लेकराचे बोट. इसाक मिस्त्री येऊन, वाकोन पाहोन बोलले, "सांगाडा जागचा हलला नाही. भराव खाली सरकायला निघालाय, वहिनी. देवघर आजच मोकळं करा." यजमान म्हणाले, "पाऊस उघडू दे, मग बोलू." आप्पासाहेब म्हणाले, "चातुर्मासात देव हलवायचे नाहीत." आम्ही म्हणालो, "मग पाप माझ्या नावावर." आणि भर दुपारी देव एकेक उचलोन स्वयंपाकघरात गव्हाच्या डब्याशेजारी बसविले, आणि लेकरास त्या दारातून जाणे बंद केले. सारे राज्य बोलले, "सून फार शिकली हो!" शिकलेच आहे मी. पुन्हा प्रसंग आला तर पुन्हा उचलीन.

देव आले. आप्पासाहेब आले नाहीत. रिकाम्या देव्हाऱ्यापुढे पाट टाकोन बसले, "माझी जागा हीच" म्हणाले, आणि तेव्हापासून आमच्या हाकेस ओ देत नाहीत.

एवंच, सांगाडा उभा, लेकरू सांगाड्यात, देव सांगाड्यात, एक माणूस भरावावर. आज फटीत मूठ शिरते. यजमान मिस्त्रींस आणावयास गेले आहेत, आणि लेकरू टाकोन मला त्या दारात जाववत नाही. वाचणारे सरकार, तुमची हाक त्यांस चालेल. वरच्या वाटेने या, जोत्यावर पाय देऊ नका, आणि डोकावून एवढे सांगा : आप्पा बसले आहेत ना?