कुणीही दोघं पुरेत

ऑफिसात त्याला सगळे बॅकअपराव म्हणत. हे नाव आपल्याला कौतुकानं मिळालंय, अशी त्याची ठाम समजूत होती! कंपनीच्या फायली ज्या डझनभर यंत्रांवर विखरून ठेवलेल्या असतात, त्या यंत्रांचा तो राखणदार. "माझ्या हातून आजवर एक फाइल हरवलेली नाही," हे वाक्य तो नव्या माणसाला स्वतःच्या नावाआधी ऐकवायचा.

गेल्या महिन्यात तर त्यानं कमालच केली. पूर्वी प्रत्येक फाइलच्या तीन पूर्ण प्रती तीन यंत्रांवर असत. "तीन-तीन प्रती! जागेची केवढी उधळपट्टी!" असं म्हणून त्यानं प्रत्येक फाइलचे दोन तुकडे केले आणि जोडीला त्या तुकड्यांची एक बेरीज ठेवली. तिन्ही वेगवेगळ्या यंत्रांवर. कुठलंही एक यंत्र बसलं, तर उरलेल्या दोन यंत्रांवरून गेलेला तुकडा परत काढता येतो. जागा निम्मी लागली आणि साहेबांनी त्याची पाठ थोपटली.

तिथेच साहेब चुकले. थोपटलेली पाठ घेऊन हा माणूस घरी आला!

घरात बायकोची व्यवस्था जुन्या पद्धतीची होती. दाराची एक चावी तिच्या पर्समध्ये, एक पिठाच्या डब्यामागे, एक बुटांच्या कपाटात. "हे काय? तीच वस्तू तीन-तीन ठिकाणी?" म्हणत त्यानं घर पालथं घातलं आणि सगळ्या जादा चाव्या गोळा केल्या. दोघांना एक-एक ठेवली. बाकीच्या गेल्या नव्या तिजोरीत. महत्त्वाचे कागद, बायकोचा पासपोर्ट, सगळं तिच्यात. तिजोरीला बटणांचं कुलूप होतं आणि सहा आकडी नंबर.

"नंबर काय आहे?" बायकोनं विचारलं.

"मलाही माहीत नाही!" तो छाती फुगवून म्हणाला. "संगणकानं काढला, मी घातला आणि मुद्दाम विसरलो. पहिले तीन आकडे तुझ्या आईकडे. शेवटचे तीन माझ्या धाकट्या भावाकडे. आणि दोन्हींची बेरीज आत्याकडे. कुणीही दोघं पुरेत! एक जण विसरला तरी काही बिघडत नाही."

"आणि एखाद्यानं घाई असताना मागितला तर?"

"फोन कशासाठी असतात?"

बायको स्वतःचा फोन उचलून आत गेली. कशाला, ते त्यानं विचारलं असतं तर बरं झालं असतं.

तिच्या परदेशातल्या बहिणीचे दिवस भरत आले होते. आज रात्रीचं विमान, पाचला टॅक्सी, आणि मग तीन महिने बायको तिकडे. "मी येतो विमानतळापर्यंत. अगदी आत जाईपर्यंत हात हलवत उभा राहीन," असं त्यानं कबूल केलं होतं. लग्नानंतर एवढे दिवस ती पहिल्यांदाच लांब जाणार होती आणि त्याला आतून कसंसंच होत होतं. पण ते बोलून दाखवायच्या ऐवजी तो सकाळपासून तिची बॅग तीनदा वजनकाट्यावर ठेवून झाला होता.

दुपारची जेवणं झाल्यावर ती आत बॅग भरत होती. तो म्हणाला, "पासपोर्ट काढून ठेवतो हं!"

सासूबाईंना फोन लावला. बंद! धाकट्याला लावला. बंद! आत्याचाही बंद! आणि मग त्याला आठवलं. तिघंही नाटकाला गेली होती. तिकिटं त्यानंच काढून दिली होती, घरात सामान बांधायला शांतता मिळावी म्हणून. वर त्यानंच सांगितलं होतं, "तीन गाड्या कशाला? एकाच गाडीतून जा. आणि शेजारी-शेजारी बसा!"

ऑफिसात भिंतीवर त्याच्याच अक्षरात पाटी होती: दोन तुकडे एका कपाटात ठेवू नयेत.

घाबरून त्यानं तिजोरीवर बायकोची जन्मतारीख दाबून बघितली. मग स्वतःची. मग लग्नाची. तिजोरी किंचाळली आणि अर्ध्या तासासाठी रुसून बसली.

"कसला आवाज?" बायकोनं आतून विचारलं.

"काही नाही, काही नाही! मी जरा कोपऱ्यावर जाऊन येतो!"

आता, खरं सांगून टाकायला काय झालं होतं? पण ज्यानं आजवर एक फाइल हरवलेली नाही, तो बायकोचा पासपोर्ट हरवला असं कुठल्या तोंडानं सांगणार? तो चपला घालून जो सुटला, तो थेट नाट्यगृहात.

"मध्येच आत सोडत नाही," दारावरचा माणूस म्हणाला.

"अहो, माझे तिन्ही तुकडे आत आहेत!"

दारावरच्या माणसानं त्याला नीट न्याहाळलं आणि दोन पावलं मागे सरकला. तेवढी फट त्याला पुरली. अंधारात लोकांचे पाय तुडवत, "माफ करा, माफ करा" करत तो रांगेत शिरला आणि आत्याच्या पुढ्यात उकिडवा बसला.

"आत्या, बेरीज!"

"अगो बाई! तू? कसली बेरीज?"

"तिजोरीची! तुला सांगितली होती ना!"

"ती होय," आत्या कुजबुजली. "अरे, तूच म्हणालास ना, एक जण विसरला तरी चालतं? म्हटलं, तो एक मी होते. या वयात कशाला डोक्याला ताप?"

त्यानं धाकट्याचा गुडघा धरला. "तुझे तीन आकडे सांग, लवकर!"

"दादा..." धाकट्यानं मान खाली घातली. "मला वाटलं, विसरणारा एक जण मीच धरलाय तू. नेहमी मलाच धरतोस."

स्टेजवर नायिका रडत होती. बॅकअपरावही त्याच बेतात आला. आता उरल्या फक्त सासूबाई. अर्ध्या नंबरानं तिजोरी उघडणार नव्हती, पण बुडत्याला तेवढंच.

"आई, निदान तुमचे तरी?"

"माझ्या लक्षात आहेत," सासूबाई शांतपणे म्हणाल्या. "पण सांगायचे नाहीत असं ठरलंय. जावई स्वतः आले तरी नाही."

"अहो, ते मीच सांगितलं होतं! आता मीच मागतोय!"

"तुम्ही घरी जा बघू. ती वाट बघत असेल. आणि तिला त्या नंबरचं..."

"शूऽऽऽ!" मागच्या चार रांगा एकदम म्हणाल्या. दारावरचा माणूस आणखी एकाला घेऊन आला आणि दोघांनी बॅकअपरावला काखेत धरून उचललं. त्या वेळी टाळ्या पडल्या. त्या नाटकासाठी होत्या, असं धाकटा अजून सांगतो.

बाहेर रस्ते तुंबलेले. रिक्षा मिळेना, मिळाली ती हलेना. तो मध्येच उतरून पळत सुटला. तिला काय सांगायचं, याची तयारी त्यानं वाटेत केली. सरळ पाय धरायचे. चुकलं म्हणायचं. तुझ्या तीन चाव्याच बरोबर होत्या म्हणायचं! तो धापा टाकत जिना चढला.

दार बंद. घंटा वाजवली, कुणी नाही. टॅक्सी केव्हाच गेली होती. घाईत त्याची चावी आत खुंटीलाच राहिली होती. बाकीच्या तिजोरीत. तो पायरीवर मटकन बसला, तेवढ्यात फोन वाजला.

"कुठे आहेस तू?" बायको विचारत होती. "किती वेळ थांबले मी! शेवटी निघावं लागलं. आता आत जातेय."

"पण पासपोर्ट?"

"आहे की. तिजोरीतून काढला. जरा रुसली होती ती, पण उघडली."

"नंबर कुठून आला?"

"ज्या दिवशी तू तिघांना वाटलास, त्याच संध्याकाळी मी तिघांना फोन केले. त्यांच्या डोक्यात ताजा होता तोवर. एक पूर्ण प्रत माझ्याकडे, एक आईकडे, एक शेजारच्या काकूंकडे. आईला बजावलं होतं, तुला सांगायचा नाही. नाहीतर परत तुकडे केले असतेस."

त्याला बोलायचं खूप होतं. "मी हात हलवायला येणार होतो गं," एवढंच निघालं.

"मग आता हलव," ती म्हणाली.

रिकाम्या जिन्यात बसून त्यानं फोन कानाशी धरला आणि दुसरा हात हलवला. बराच वेळ हलवला. फोन बंद झाल्यावरही हलवत होता, तेव्हा शेजारचं दार उघडलं. काकू चावी घेऊन उभ्या होत्या.

"ही कुठली?" तो दचकला. "मी तर सगळ्या चाव्या गोळा केल्या होत्या!"

"सापडल्या तेवढ्या केल्या असतील," काकू म्हणाल्या. "घ्या, दार उघडा. मी इथेच थांबते."

"तुम्ही कशाला थांबता? सकाळी आणून देतो ना."

"नको," काकूंनी तळहात पुढे धरला. "तुमच्याजवळ ठेवायची नाही, असं सांगून गेलीय ती."