चंद्रकळेची खळ

विद्यानगरच्या प्रमिलाबाईंकडे रविवार म्हणजे साड्यांना खळ लावायचा दिवस, आणि खळ शिजवायचा पितळी गंजही ठरलेला. नेमक्या त्याच गंजात त्यांच्या लेकीनं, केतकीनं, प्रयोगशाळेतून आणलेलं द्रावण ओतून ठेवलं. आता बोला!

द्रावणात कापसाचे डोळ्यांना न दिसणारे कण होते आणि किंचित लोखंडाचे. वाळताना जवळ लोहचुंबक ठेवला की कण रांगेत बसतात आणि पापुद्र्यावरून उजेड हव्या त्या रंगाचा परततो. पण सहा महिने काचेवरचा प्रत्येक पापुद्रा तडकत होता. सोमवारी अखंड पापुद्रा दाखवायचा, नाहीतर शिष्यवृत्ती बंद.

"आई, गंजातलं कुठंय?"

"खळ? मळकट दिसली, म्हणून काळ्या चंद्रकळेला लावली. पातळ होती, साबुदाण्याची पेज घातली थोडी."

"अगं, माझी पीएचडी होती ती!"

"मग पीएचडी खळीच्या गंजात कायकू ठेवली?"

केतकी रडतच बाल्कनीत धावली. वाऱ्यानं साडी उडू नये म्हणून प्रमिलाबाईंनी नेहमीसारखे नवऱ्याच्या मोडक्या रेडिओंमधले चुंबक लावून पदर लोखंडी जाळीला चिकटवला होता. केतकीनं एक चुंबक काढला. खाली निळंहिरवं वर्तुळ झळकलं! तिनं पदर दुमडला, चुरगळला. एक तडा नाही.

"आई, एवढा तुकडा कापू?"

"हात तर लाव! बाबांच्या पहिल्या पगाराची साडी आहे. पाहिजे तर मी नेसून येते."

सोमवारी प्रयोगशाळेत केतकीचे मार्गदर्शक अरविंदसर आणि दोन परीक्षक टॉर्च घेऊन पदरापुढे वाकले. एवढी शिकलेली माणसं पाया पडताहेत म्हणून प्रमिलाबाई अवघडल्या.

"असू दे, असू दे. सुखी राहा."

"ही पेजेची कमाल!" सर हरखून म्हणाले. "शिष्यवृत्ती पक्की. फक्त नमुना इथं जमा करावा लागेल."

केतकीचा चेहरा पडला. प्रमिलाबाईंनी लेकीकडे पाहिलं, पदरावरून एकदा हात फिरवला.

"आणा कात्री. काठ तेवढा सोडा."

केतकीला हुंदका आवरेना. ती आईच्या पायांशी वाकली. तिच्या हातात टॉर्च नव्हता.

"आई, तू होतीस म्हणून गं..."

"हौ, हौ. सुखी राहा. आणि घरी गेल्यावर माझा गंज घासून ठेव."