एकास अठ्ठेचाळीस

आमच्या शेजारचे किसनआबाजी कुठल्याही बातमीवर एकच प्रश्न विचारतात, "स्केल काय?"

मुलानं पुण्यात मोठा बंगला बांधला असं कुणी सांगितलं, की आबाजी मान तिरपी करून म्हणणार, "स्केल काय?" मतं मागायला आलेला उमेदवार आमच्या आसेगावात रुंद रस्ता आणतो म्हणाला, तेव्हाही हेच. दोन शेतांमधल्या हातभर धुऱ्यावरून भांडणाऱ्या दोन भावांना तर त्यांनी ओट्यावर बसवलं, खिशातली स्टीलची पट्टी काढली आणि तो धुरा एकास अठ्ठेचाळीसवर केवढा होतो ते मोजून दाखवलं. नखाएवढा भरला. भाऊ बराच वेळ त्या नखाकडे बघत राहिले. समेट झाला असं नाही, पण पुढचं भांडण ते दुसऱ्यांच्या ओट्यावर घेऊन गेले.

माझ्यासाठी पहिलं स्थळ आलं तेव्हा आईनं कौतुकानं त्यांना फोटो दाखवला. मुलगा उंच आहे, पाच फूट दहा, असंही सांगितलं. आबाजींनी मनात भागाकार केला. "म्हंजे बोटाची दोन पेरं," ते म्हणाले. "एवढ्याशासाठी पोरीले कायले घाई करता?" त्यांचा त्या दिवशी मला फार आधार वाटला.

एकास अठ्ठेचाळीस म्हणजे खऱ्या वस्तूचा अठ्ठेचाळिसावा भाग. मी वाशीमला इंग्रजी शाळेत शिकले, त्यामुळे सुरुवातीला हा आकडा ऐकला की मनातल्या मनात फोर्टी-एट करून घ्यावा लागायचा. आबाजींना तशी गरज नाही. तरुणपणी ते हवाई दलात इंजिन फिटर होते. एकाहत्तरच्या लढाईत सीमेजवळच्या एका तळावर नॅट नावाची लढाऊ विमानं त्यांच्या हाताखालून जात. नॅट कसं असतं, असं विचारलं तर म्हणतात, "लवंगी मिरची. दिसाले एवढुशी, पन लागली का कानातून धूर." नोकरी संपल्यावर ते गावी आले, भाजीचा मळा केला, वांगी, मेथी, सांभार म्हणजे कोथिंबीर, असं विकून मुलांची शिक्षणं केली. आणि पंचाहत्तरीला टेकल्यावर एके दिवशी जाहीर केलं की आपण तो तळ बांधणार. विमान, माणसं, जीप, तंबू, सगळं. जुन्या दाराच्या फळीवर, हळदीच्या खोलीत.

लढाई त्यांच्या अंगातून पूर्ण गेली नव्हतीच. मंगरूळपीरच्या बाजारात ते वांग्यांचे तीन ढीग लावतात, एकमेकांपासून चांगले लांब, आणि प्रत्येकावर हिरवी जाळी. "एका ठिकानी ठेवले तं एका बाँबमधे सारे जातीन." गिऱ्हाइकं हसतात. पण एकदा मोकाट गाय बाजारात शिरली तेव्हा शेजारच्या बाईची सगळी भाजी गेली आणि आबाजींचा एकच ढीग गेला. तेव्हापासून ती बाईसुद्धा दोन ढीग लावते.

फळीवरच्या तळाचं कारण त्यांनी मला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. "इमान चालवनाऱ्याचे फोटो पेपरात येते. त्याले शिडी लावनाऱ्याचा फोटो कोन काढते?" म्हणून ही सलामी आपल्या टोळीला. टोळीतले बहुतेक जण आता नाहीत. पांगाऱ्याच्या हलक्या लाकडातून आबाजींनी एकेक माणूस कोरला. पंख्याच्या वाऱ्यानं उडून जाईल एवढा, पण प्रत्येकाला नाव आहे. चाकाला ठोकळा लावणारा कुट्टी. शिडीवर बलबीर, जरा वाकलेला, कारण त्याची कंबर दुखायची. त्यांचे कपडे रंगवायला आबाजींनी मला बोलावलं, कारण त्यांचा हात आता थरथरतो. मी रोज दुपारी जायला लागले. तिथं बोलावं लागत नसे, आणि मला ते बरं होतं.

सामान मात्र सगळं घरातलं. तळावरचं गवत म्हणजे वाळवून चुरलेली मेथी. त्यामुळे खोलीत पाऊल टाकलं की युद्धभूमीवर नाही, पराठ्याच्या गाडीवर आल्यासारखं वाटायचं. विमानाच्या काचेसाठी गोळ्यांच्या पाकिटाचे फुगे. वच्छलाआजींना, म्हणजे त्यांच्या बायकोला, डॉक्टरांनी कॅल्शियमच्या लांबट गोळ्या दिल्या आहेत. दोन फुगे जोडले की नॅटची काच बरोबर मापात बसते, पण जोडताना दहातले नऊ बिघडतात. म्हणून आबाजी रोज सकाळी स्वयंपाकघराच्या दारात उभे राहून विचारू लागले, "गोयी घेतली काय वं?" पन्नास वर्षांच्या संसारात असं कधी कुणी विचारलं नव्हतं. आजींनी शेजारीपाजारी सांगितलं, थोड्या लाजल्यासुद्धा. मग एके दिवशी कापलेलं पाकीट हाती लागलं. तेव्हापासून त्या गोळ्या कमरेच्या चंचीत ठेवतात.

पण त्यांनी खरा अबोला धरला तो चहाच्या गाळणीवरून. विमानाच्या इंजिनाच्या तोंडाला जमिनीवर असताना जाळी लावतात, दगडधोंडा आत जाऊ नये म्हणून. आबाजींना तशी बारीक जाळी साऱ्या बाजारात मिळेना. ती घरातच मिळाली.

त्यानंतर दोघांचं बोलणं माझ्यामार्फत होऊ लागलं. "सांग तुह्या आबाजीले, चहा थंडा होऊन राह्यला," आजी म्हणणार. आबाजी दहा पावलांवर बसलेले, त्यांना सगळं ऐकू आलेलं. तरी मी खोलीत जाऊन सांगायचं. "सांग तिले, रंग वला हाये," हे उत्तर घेऊन परत यायचं. मी निरोपात माझं काही घालत नाही, म्हणून दोघांचाही माझ्यावर विश्वास होता. वर्षभर आजींनी हळदीच्या खोलीत पाऊल ठेवलं नाही. हळकुंडं हवी असली तरी मला पाठवायच्या.

मला वाटायचं, गाळणीचा राग आहे. एकदा त्यांच्याजवळ बसून मेथी निवडत होते तेव्हा त्या आपणहून म्हणाल्या, "त्या इमानानं माहा पयला हिवाळा खाल्ला, पोरी. आता हयदीची खोलीबी खाल्ली." मग त्यांनी काड्या गोळा केल्या आणि उठल्या.

यंदा गावच्या शाळेनं तळ मागितला. सव्वीस जानेवारीला सगळ्यांना दाखवायचा आणि मग तिथंच काचेच्या कपाटात ठेवायचा. म्हणजे एकदा गेला की घरी परत येणार नव्हता. आबाजींनी लगेच हो म्हटलं, आणि त्याच दिवसापासून माझ्या फेऱ्या वाढल्या. इमान तयार झालं, सांग तिले. सांग त्यायले, इमान पाह्यलं का मले चक्कर येते. कुट्टीची टोपी लावली, सांग. सांग, मंग त्यालेच चहा करून माग. आधी आबाजी हसायचे. दिवस जवळ आले तसे हसेनासे झाले. मी परतले की ते माझ्या मागं दाराकडं बघायचे, माझ्याबरोबर आणखी कुणी आलंय का ते.

शाळेची माणसं दुसऱ्या दिवशी सकाळी ऑटो घेऊन येणार होती. दुपारी मी शेवटचा रंग द्यायला गेले, तर आबाजींनी सांभाराच्या टोपलीतून रुमालात गुंडाळलेलं काहीतरी काढलं. छोटं घर होतं. पांढऱ्या मातीच्या भिंती, वर बारीक कवेलू, म्हणजे कौलं, एक दार, आणि नखाएवढ्या खिडकीवर पोत्याचा तुकडा डकवलेला. त्यांनी ते धावपट्टीच्या कडेला, नॅटच्या अगदी पंखाखाली म्हणावं इतकं जवळ ठेवलं.

हे घर कुठलं ते मला लगेच कळलं. त्याच घराच्या जागी आबाजींचं आताचं स्लॅबचं घर उभं आहे, जुना फोटो मी ओसरीत पाहिला होता. माप अचूक होतं. जागा मात्र अशक्य होती. तो तळ आसेगावाहून रेल्वेनं दोन दिवसांच्या वाटेवर. एकास अठ्ठेचाळीस धरलं तरी हे घर निदान पार मानोरा गावापर्यंत न्यायला हवं होतं.

"आबाजी," मी म्हटलं, "स्केल काय?"

हा प्रश्न त्यांना कधी कुणी विचारला नसावा. ते स्टुलावर बसले. पट्टी हातात फिरवत राहिले. मग सांगू लागले, माझ्याकडे न बघता, कुट्टीला सांगितल्यासारखं.

लग्न एकाहत्तरच्याच उन्हाळ्यात झालं होतं. ते परत तळावर गेले आणि हिवाळ्यात लढाई पेटली. तळावर रात्री मिट्ट काळोख. बिडी पेटवायची नाही, जीपच्या दिव्यांना काळा रंग, चहासुद्धा चाचपडत प्यायचा. गावात एकच रेडिओ होता. त्यावरून आजींना कळलं की तिकडं दिवे लावत नाहीत. आसेगावावरून शत्रूचं विमान चुकूनही गेलं नसतं. तरी त्यांनी खिडकीला पोतं बांधलं. उजेड असतानाच स्वयंपाक, जेवण, आणि मग दिवा नाही. सासू हसली, गल्ली हसली. लढाई थोड्याच दिवसांत संपली. आबाजींना सुट्टी मिळायला मात्र होळी उजाडली.

"दिवेलागनीले एसटीतून उतरलो," ते म्हणाले. "साऱ्या घरात दिवे. आमचंच घर काळं. म्या म्हटलं, कोनी गेलं बाप्पा. पयतच आलो. तं हे उंबऱ्यात उभी. लढाई सरली म्हनून सारं गाव तिले सांगून थकलं होतं. मले इचारते, सुटला काय अंधार? म्या म्हटलं, हाव, सुटला. मंग आत जाऊन दिवा लावला."

पट्टी त्यांनी खिशात ठेवली.

"ह्या फळीवर सारी टोळी हाये. हेच एक राह्यली होती." मग दाराकडं बघून म्हणाले, "तिले सांग..."

  मी तो अर्धाच निरोप घेऊन स्वयंपाकघरात गेले. आजी परातीत कणीक मळत होत्या. त्यांनी वर पाहिलं, आणि मला पहिल्यांदाच निरोपात माझं घालावं लागलं.

"आजी, आबाजींनी घर केलंय. खिडकीला पोतं आहे."

त्यांचे हात थांबले. बोटांची कणीक त्यांनी सावकाश काढली, हात धुतले, पदराला पुसले आणि माझ्या पुढून हळदीच्या खोलीत गेल्या.

आबाजी उठून उभे राहिले, अधिकारी आल्यासारखे. आजींनी आधी विमानाच्या तोंडावरच्या जाळीकडे पाहिलं. "माही गायनी," एवढंच म्हणाल्या. मग घराकडे वाकल्या. 

"कवेलू इतले चांगले नोते," त्या थेट आबाजींना म्हणाल्या. "तवा गयत होतं घर."

"स्केलमधे गयत नाई," आबाजी म्हणाले.

आजी हसल्या नाहीत. त्यांनी बोट पुढं नेलं आणि पोत्याचा एक सुटलेला कोपरा नखानं खिडकीवर दाबून धरला.

"इथून उजेड दिसते," त्या म्हणाल्या.

आबाजींनी डिंकाची बाटली पुढं केली.