चार घटका आधी दिलेल्या काफीची बखर

श्रीकुलस्वामिनीस नमन करोन, वडिलांच्या तोंडून ऐकिले तैसे लिहिले आहे; उणेअधिक जाहले ते श्रोत्यांनी पदरात घ्यावे. शके सोळाशे साठ, काळयुक्तनाम संवत्सरे, वैशाख वद्य तृतीयेस जे वर्तमान घडले ते ऐसे जे:

कोणे एके राज्यी महाराज प्रजापालक, न्यायी, परंतु काफीचे मोठे शौकीन. काफीखान्याचा कारभार सटवोजी आबदार यांजकडे. बुंद म्हणजे काफीचे दाणे भाजणे, कुटणे, उकळणे सारे स्वहस्ते. वडिलांपासून रीत ऐसी की, पहाटे महाराजांनी डोळा उघडावा तो रुप्याचा पेला वाफेसह पुढे हजर असावा. सटवोजींस या गोष्टीचा भारी अभिमान. त्यांचा एकुलता पुत्र हैबती हुजुरातीत, म्हणजे महाराजांच्या खास फौजेत, स्वार. देवडीवरला पहारा उतरला की तो बापाजवळ चुलीपाशी येई आणि झारीत उरलेली काफी फुंकून फुंकून पिई. बापलेकांचे बोलणे दिवसभरात तेवढेच.

मग ऐसे होऊ लागले की, सकाळी महाराज तल्लख असत आणि भोजनोत्तर कचेरीत बसले म्हणजे डोळे जड होत, मग दुसरी काफी घेत, मग रात्री निद्रा नाही, आणि पहाटे पुन्हा काफीवाचून पलंगाखाली पाय टाकवेना. तेव्हा अनंतभट वैद्यांनी सटवोजींस एकांती सांगितले, "आबदार, उठल्याबरोबर काफी देऊ नये. देहास आपली आपण जाग येऊ द्यावी, पाणी द्यावे, उन्हात फिरवावे, मग चार घटकांनी पेला द्यावा, आणि दुपारी मुळीच नको. म्हणजे दिवस अखेरपर्यंत सारखा जाईल." सटवोजी हसोन बोलिले, "भटजीबुवा, वैद्याने नाडी धरावी, आमची झारी धरू नये." आणि रीत होती तैसीच चालविली. होणारे चुकत नाही म्हणतात. हे मात्र चुकविता आले असते.

त्या तृतीयेस उन्हे कलली असता सेनापतींनी विनंती केली की, "घाटापलीकडचे ठाणे घ्यावे, आज्ञा असावी." आणि महाराजांस पेंग येऊन मान खाली गेली. सेनापतींनी तो होकार मानिला. दाणावैरण अपुरी हे चिटणिसांस ठाऊक, परंतु महाराजांची मान एकदा डोलली, मग जीभ कोण उचलणार? पत्र जाहले, शिक्का उमटला, आणि दिवस मावळण्याआधी फौज कूच जाहली. हैबती तीत होता. निघताना चुलीपाशी येऊन बोलिला, "आबा, माझी राखून ठेवा." सटवोजी बोलिले, "शिळी कोण पितो रे? तू ये, ताजी करीन."

ठाणे भक्कम आणि फौज उपाशी. नवव्या दिवशी उरलेसुरले लोक परतले, आणि त्यांत हैबतीचा घोडा रिकामा आला.

महाराजांनी पुसिले, "ऐसी आज्ञा दिली कोणी?" मग सटवोजींनी पुढे होऊन पायांवर पगडी ठेविली आणि बोलिले, "महाराज, मान आपली डोलली, पण डोलविली आम्ही. वैद्यांचे बोल गर्वाने ऐकिले नाहीत. आमचा लेक आम्हीच घालविला." महाराज ढसढसा रडले, पगडी स्वहस्ते सटवोजींच्या मस्तकी ठेविली आणि बोलिले, "सटवोजी, शिक्का आमचा होता. उद्यापासून काफी वैद्य सांगतील तेव्हा आणा."

तेव्हापासून महाराज सांजेपर्यंत सावध राहू लागले. पुढले साली सेनापतींनी तैसीच विनंती केली, आणि महाराज डोळ्यास डोळा देऊन "नाही" बोलिले, आणि कित्येकांचे लेक घरी राहिले. सटवोजी मात्र जुन्या वेळेसच उठत, चूल पेटवीत, एक पेला भरोन शेजारी ठेवीत आणि देवडीकडे पाहात बसत. चार घटका जात. पेला निवे. मग तो ओतून देऊन महाराजांसाठी ताजी करीत.

एवढेच वर्तमान. वैद्यांचे बोल खरे ठरले, राज्य सावरले, बापाची पहाट मात्र सरेना. लेखन येथे थांबविले असे.