फाल्गुन वद्य पंचमीचं लग्न

"लग्नाला निघालोय आपन, जत्रंला न्हाई!" सयाजीने पितळी डबा असा आपटला, की आतले लाडू खडखडले.

भंवरसिंगाचं पोस्टकार्ड आल्यापासून कोरेगावातल्या सयाजीच्या घरात हे रोज चाललं होतं. एकाहत्तरच्या लढाईत सयाजी आणि भंवरसिंग एकाच खंदकात होते. 'तुझ्या लग्नात मी नाचणार,' असा शब्द सयाजीने तिथंच दिला होता. पुढं तो फौज सोडून ऊस लावायला गावी आला, भंवरसिंग राजस्थानात आपल्या गावी गेला, आणि आता तिशी उलटल्यावर त्याचं जमलं होतं. कार्डावर दोनच ओळी होत्या : 'फागुन बदी पंचमी को ब्याह है. नहीं आया तो दोस्ती खतम.'

बदी म्हणजे वद्य, एवढं सयाजीला ठाऊक होतं. त्याने पंचांग काढून होळीनंतरच्या पंचमीवर खूण केली. चांगला सव्वा महिना हातात होता.

"किती आदी कळिवलंय बघ. फौजी मानूस!" तो बायकोला, चंद्राबाईला म्हणाला.

पण त्या सव्वा महिन्यानेच घात केला. घरच्यांना बेत करायला सवड मिळाली.

"एवढं लांब जातोय तर ताजमहाल बघूया की," चंद्राबाई म्हणाली.

"मथुरा बी वाटंतच हाय म्हनं," आत्या हरणाबाई म्हणाली.

"कुनाच्या वाटंत?"

"देवाच्या."

"लग्न लागल्याबिगर एक देऊळ दिसनार न्हाई!" सयाजी गरजला. "आन ताजमहाल तर न्हाईच न्हाई!"

निघाले तेव्हा तिघांची मिळून अकरा बोचकी होती. अहमदाबादला गाडी सात तास रखडली. मुहूर्त चुकणार म्हणून सयाजी स्टेशनमास्तरला असा भिडला, की मास्तरने शेवटी दार लावून घेतलं. पुढं उभ्याने बस, त्यापुढं उंटाची गाडी. गाडीत हरणाबाईने डोळे मिटून सगळ्या देवांना हाका मारल्या. सयाजीने मात्र आहेराचा भगवा फेटा आधीच हातात काढून ठेवला होता.

ऐन पंचमीला, उन्हं कलताना, गाडी दारात थांबली. सयाजीने खाली उडी मारली आणि दिलेल्या शब्दाप्रमाणे फेटा फडकावत नाचायलाच सुरुवात केली. दहा-बारा उड्या झाल्यावर त्याच्या ध्यानात आलं, की मांडव नाही, वाजंत्री नाही, पाहुणे नाहीत. एक म्हैस तेवढी रवंथ करायची थांबून त्याच्याकडे बघत होती.

दुधाची बादली घेऊन बनियनवर भंवरसिंग बाहेर आला.

"अब आया?"

"अब म्हंजे? आजच पंचमी हाय की!"

"शादी को महीना हो गया! दो घंटे घोडी रोकी तेरे लिए! स्टेशन पे आदमी बिठाया!"

"म्हैनाभर आदी लगीन उरकतोस आन मलाच दम देतोस?" सयाजीचा आवाज चढला. "तीन दीस उपाशी आलोय! तूच लिवलंस न्हवं, फागुन बदी?"

"तो फागुन बदी में ही हुई!"

"फागुन बदी आज हाय!"

"आज चैत है!"

दोघे एकमेकांच्या छातीला छाती लावून उभे राहिले. गाव गोळा झालं. शेवटी कुणीतरी गावच्या पंडितजींना आणलं. त्यांनी दोघांचं ऐकून घेतलं आणि शांतपणे सांगितलं, की दख्खनेत महिना अमावास्येला संपतो, इकडे पौर्णिमेला. तुमचा माघ वद्य तोच आमचा फागुन बदी. दोघेही बरोबर आहात.

हे ऐकून सयाजीला आणखीच संताप आला. दोघेही बरोबर, मग भांडायचं कुणाशी? एवढ्या लांबून आणलेला राग काय परत न्यायचा?

"ते काय न्हाई," तो म्हणाला. "मी शबूद दिलाय. घोडीवर बस परत. मी नाचनार!"

भंवरसिंगाचा चेहरा खुलला. त्याने सयाजीला कडकडून मिठी मारली, घोडी मागवली आणि डोक्याला भगवा फेटा बांधून ऐटीत वर चढला. ढोलवाला आला. हरणाबाईने येतील तेवढी मंगलाष्टकं म्हणून घेतली. चंद्राबाई नव्या नवरीला आणायला आत गेली.

बऱ्याच वेळाने ती एकटीच बाहेर आली. तोंडाला पदर लावून हसत होती.

"काय म्हनती?" सयाजीने विचारलं.

"ती म्हनती, पयल्या लग्नाला मला कुनी इचारलं न्हवतं. आता इचारतायसा, तर इचार करून सांगते."

ढोल थांबला. खाली उतरावं की नाही हे न कळून भंवरसिंग घोडीवर तसाच बसून राहिला.