पडदेवाल्यापासून सुरुवात

हरीकाकांचं नाट्यपरीक्षण हातात आलं की त्यात नायकाला शोधायला जाऊ नये, हे शहापुरात सगळ्यांना ठाऊक होतं. पहिला परिच्छेद पडदा ओढणाऱ्याचा. मग प्रॉम्प्टर, मग पाण्याचा तांब्या घेऊन येणारा नोकर, मग हवालदार. नायक-नायिका अगदी शेवटी. आणि ठाण्याच्या पेपरात जागा कमी पडली की कात्री नेमकी शेवटावर चालायची. त्यामुळे दोन महिने तालीम करून, मिशा कोरून रंगमंचावर नायक म्हणून उभे राहिलेले सरपंच छापूनच यायचे नाहीत. पडदेवाल्याचा हात ‘संयत’ होता, हे मात्र अख्ख्या तालुक्याला कळायचं.

डोळखांबपासून वैशाखऱ्यापर्यंत जत्रेत होणारी हौशी नाटकं हा काकांचा मुलूख. भातशेती सांभाळून ऐंशीच्या दशकापासून ते हे काम करत आले. नाटकमंडळींचा चहा ते घेत नसत, स्वतःचा थर्मास घेऊन जात. बसायचे शेवटच्या रांगेत. पुढं बसलं की सगळंच ऐकू येतं, मागं पोचलं तर ते नाटक, असं त्यांचं म्हणणं. बोलणं असं साधं, पण लेखणी हातात आली की ‘वाचिक अभिनय’ आणि ‘नेपथ्यातील औचित्य’ सुरू. त्यांचं लेखन टाइप मी करून द्यायची. एसटी स्टँडाजवळ माझा टायपिंगचा क्लास होता.

पुढे क्लासात कॉम्प्युटर आले, इंटरनेट आलं आणि त्यापाठोपाठ निलेश आला. हा डोळखांबचा, बाजारात मोबाइलचं दुकान टाकलेला. नाटकमंडळींची भजी खाऊन तो थेट माझ्याकडे यायचा आणि आपल्या ब्लॉगवर लिहायचा, ‘एक नंबर. चुकवू नका. चार स्टार.’ काका मागं उभं राहून ते वाचायचे आणि दरवेळी एवढंच म्हणायचे, “कारण दे.”

लोकांना टाइम नाय, आवडलं ते लिवलं, असं निलेशचं उत्तर ठरलेलं. मग का आवडलं ते लिव, असं काकांचं. या वादात माझा अर्धा दिवस जायचा. मला दोघांचंही पटायचं. निलेशचं लिहिणं लोक वाचायचे आणि त्या गावी नाटकाला जायचे. काकांचं लिहिणं फक्त पडदेवाला कापून घरात लावायचा. पण लावायचा हेही खरं.

मग पेपरानं नाटकाचं पान बंद केलं. काका आठवडाभर दिसले नाहीत. आले ते थर्मास घेऊन, आणि माझ्या क्लासातही शेवटच्याच खुर्चीवर बसले. निलेश पलीकडे स्वतःच्या कामात होता.

“बाय, त्या इंटरनेटवर कापत नाय ना?”

मी म्हटलं, नाही काका, हवं तेवढं लिहा.

“शेवट पण ऱ्हातो?”

राहतो म्हटल्यावर त्यांनी सांगायला सुरुवात केली आणि मी टाइप करू लागले. नाटक फार जुनं निघालं, डोळखांबच्या जत्रेतलं. कल्याणहून यायच्या दोन नट्यांपैकी एकीची गाडी चुकली होती. यमुनाकाकू, म्हणजे काकांच्या पत्नी, आत मंडळींना चहा देत होत्या. कुणीतरी त्यांच्याच हातात कंदील दिला आणि मोलकरीण म्हणून पुढं ढकललं. एकच वाक्य होतं, ‘बाईसाहेब, पाव्हणे आले.’ बायकोचं कौतुक सुरुवातीलाच कसं करायचं, म्हणून काकांनी त्या परीक्षणात तिला नायकाच्याही नंतर, अगदी शेवटी घेतलं. पेपरानं शेवट कापला.

“पेपर आला तवा तिनं वाचला. मंग पान उलटून मागं बघितलं. मागं बियाण्याची जाहिरात होती.”

काकू त्यानंतर कधी रंगमंचावर चढल्या नाहीत, आणि आता तर त्या जाऊनही बरीच वर्षं झाली होती. काका मात्र समीक्षकच राहिले. मला त्यांनी लिहायला लावलं की यमुनाबाईंनी कंदील डाव्या हातात धरल्यामुळे चेहऱ्यावर पदराची सावली पडली, वाक्यही घाईत उरकलं, परंतु आवाज शेवटच्या रांगेपर्यंत स्पष्ट पोचला. काकू गेल्या म्हणून एका शब्दाची सूट नाही. नायकाचं नाव घालायचं का, असं मी विचारलं. काका म्हणाले, नको, त्याचं तेव्हा छापलं होतं.

ते इंटरनेटवर चढलं आणि काका रोज यायला लागले. कुणी वाचलं का, एवढंच विचारायचे. कुणी वाचलेलं नसायचं. मी काहीतरी सांगून वेळ मारून न्यायची आणि मला वाईट वाटायचं.

एका दुपारी त्या परीक्षणाखाली चार ओळींची प्रतिक्रिया दिसली. लिहिणारा निलेश होता, आणि तो शेजारच्याच कॉम्प्युटरवर मान खाली घालून बसला होता. मी मोठ्यानं वाचलं, ‘मी तेव्हा लहान होतो. आईच्या मांडीवर होतो. स्टेजवर अंधार केला म्हणून भोकाड पसरलं होतं. ही बाई कंदील घेऊन आली आणि मी गप झालो. बाकीचं नाटक मला आठवत नाय.’

स्टार दिले नव्हते.

काकांनी चष्मा पुसला आणि कॉम्प्युटरच्या पडद्याजवळ वाकून ते पुन्हा स्वतः वाचलं.

“यानं कारण दिलं,” ते म्हणाले.

मग त्यांनी थर्मास उघडला, झाकणात चहा ओतला आणि तो निलेशच्या कीबोर्डशेजारी ठेवला.